डावीकडून तिसरा गुंड

"थोडा खाली लाव. वर ऊन येतं, चेहरा उडून जाईल."

मागून आवाज आला आणि चिकटपट्टी माझ्याच बोटांना गुंडाळली गेली. वळून बघते तर… अगं बाई! काचेवर ज्याचा फोटो लावत होते, तोच पाठीशी उभा. तीच काळी हूडी, तीच करडी नजर.

दक्षिण कोरियातल्या मोकपो शहरातलं आमचं आइस्क्रीमचं दुकान बिनमाणसांचं. गिऱ्हाइकानं आपलं आपण घ्यायचं, यंत्रात पैसे भरायचे. न भरता कोणी गेलं, की कॅमेऱ्यातला त्याचा फोटो आई काचेवर लावते. इथे सगळेच लावतात.

"तू तो… सिनेमातला?"

"डावीकडून तिसरा गुंड. तीन सेकंद." तो कसनुसा हसला. "शाळेच्या फाटकापाशी सिनेमावाले पोरं निवडत होते. म्हणाले, याला अभिनय नको, नुसता उभा करा."

त्याचं नाव गॉनु. सिनेमा आल्यापासून लिफ्टमध्ये बायका त्याला बघून पर्स छातीशी धरतात म्हणे. आमच्या आईनंही बातम्या बघता बघता निकाल देऊन टाकला होता, "हल्लीची पोरं! तोंडावरच लिहिलेलं असतं."

"मग चोरलंस का?" मी फणकारले.

"सांगितलं तर पटेल?… रेकॉर्डिंग सबंध बघ. पण सहाच्या आत." त्यानं समोरच्या थांब्याकडे पाहिलं. "सहाच्या बसनं माझी आई उतरते. आख्ख्या गल्लीत ती एकटीच म्हणते, माझा मुलगा तसा नाही. तिनं हे बघायला नको."

मी आत जाऊन फोनवर रेकॉर्डिंग लावलं. तो येतो. फ्रीजरचं झाकण उघडं, सरकत नाही, खाचेत बर्फ साचलाय. तो खांद्यापर्यंत हात घालतो… आईनं काढलेला फोटो इथलाच! पण पुढे? पुढे तो बसच्या कार्डानं बर्फ खरवडतो. बोटांवर फुंकर मारतो, पुन्हा खरवडतो. सतरा मिनिटं! झाकण बंद होतं. स्वतःसाठी काही घ्यायचं विसरून तो रिकाम्या हातानं निघतो, दारात थांबतो, आणि त्या रिकाम्या दुकानाला कमरेत वाकून नमस्कार करतो.

कोणी नव्हतं हो तिथे! एवढं सुंदर मी आजवर काही पाहिलं नव्हतं.

आईला बोलावून दाखवलं. "मी तेवढंच बघितलं गं," म्हणाली, आणि बाहेर जाऊन तिनं स्वतः चिकटपट्टी खरवडून फोटो काढला. गॉनुसमोर मान खाली घालून म्हणाली, "चुकले रे बाळा."

बस आली. त्याची आई पिशव्या सावरत उतरली. काच स्वच्छ होती.

"येतो," तो म्हणाला आणि सवयीनं दुकानाकडे तोंड करून वाकला.

"ओ गुंड! मी इकडे आहे!"

तो गर्रकन वळला. कान लालबुंद.

"लोकांनी तुला तीन सेकंद पाहिलंय," मी म्हटलं. आता थांबणार कोण? "मी सतरा मिनिटं पाहिलंय… आणि तू मला खूप आवडलायस. उद्या येशील?"

तो हळूच म्हणाला, "उद्या… झाकण बिघडलं नसलं तरी चालेल ना?"