गोठ्यातली वाट

घरी स्वतःचा चहाचा कपही न उचलणारा माझा धाकटा भाऊ तिथे रोज सकाळी शेण भरत होता! मन आजारी झालेली माणसं त्या शेतावर राहत, राबत आणि हळूहळू सावरत. भावाचा त्रास एकच होता. आपल्यामागून कुणीतरी चालत येतंय, असं त्याला वाटायचं. सारखी मान वळायची. आमची सगळ्यांची झोप उडाली होती.

मी डोळे तपासते. दिसेल तेवढंच मानायचं, ही माझी जुनी खोड.

गोठा लांबट, आत वाट अरुंद. गायीच्या पाठीवर थाप मारून ‘सरक गं’ म्हटलं की ती अंग चोरून बाजूला व्हायची, माणूस गेला की पुन्हा जागेवर यायची. पहिल्या भेटीत भावाने मला हे ऐटीत दाखवलं. मी दारातच उभी होते. तो पुढे गेला, गाय जागेवर आली. आणि लगेच पुन्हा सरकली.

‘माशा असतील,’ मी म्हणाले.

शेत चालवणाऱ्या बाईंना सगळे मावशी म्हणत. त्या बादली विसळत होत्या.

‘त्याच्यामागे दोनदा सरकतात त्या,’ मावशी म्हणाल्या. ‘आम्ही आता लक्ष देत नाही. तुम्हीही नका देऊ.’

पुढे एक दिवस मावशींचा फोन आला, भावाला घरी घेऊन जा. गेले तर स्वारी अंगाने चांगली भरलेली! मी त्याच्या गळ्यातच पडले.

‘ताई, आता मागून कुणी येत नाही गं.’

हे ऐकायला मी काय काय नवस केले असते, माझं मलाच ठाऊक.

निघण्याआधी त्याला गायींचा निरोप घ्यायचा होता. तो पुढे, मी मागे.

‘सरक गं बाई, निघालो मी.’

गाय सरकली. आम्ही दोघं पुढे गेलो. ती जागेवर आली. माझा जीव भांड्यात पडला.

मागे साखळी वाजली.

मी वळून पाहिलं. ती पुन्हा सरकत होती. मग तिच्या अलीकडची, माझ्या जवळची.

भाऊ गुणगुणत चालला होता.

‘काय गं, थांबलीस का?’

‘काही नाही. चल तू.’

असू दे, मनात म्हटलं. त्याच्यामागे नको, माझ्यामागे ये.

भाऊ गाडीत पुढे बसला. त्याची पिशवी ठेवायला मी मागचं दार उघडलं, आणि जरा थांबले. गाडी मागून किंचित खाली बसली.

मग दार अगदी हळू लावलं, कुणाला लागू नये म्हणून.