सासऱ्यांचं घड्याळ कोण घालतंय?

विश्वास ठेवा, नका ठेवू. मी हे माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

स्वित्झर्लंडच्या डोंगरात, जू खोऱ्यातलं आमचं गाव. १९६३ चा जानेवारी. रात्र नव्हती, चांगली भरदुपार होती.

सासरे, नुमा मेलान, जाऊन आठवडा झाला होता. त्यांनी स्वतः जोडलेलं मनगटी घड्याळ सासूबाईंनी कपाटात कुलूपबंद केलं होतं. गोठा असो, तळ्यावरचा बर्फ कापणं असो... सासरे असेपर्यंत ते कधी हातावरून उतरलं नाही आणि कधी बिघडलं नाही.

मी चादरीसाठी खुंटीवरची किल्ली घेऊन कपाट उघडलं, आणि...

टिक... टिक... टिक...

आमचं गाव घड्याळवाल्यांचं. इथे असल्या गोष्टीला कुणी भूत म्हणत नाही. हे घड्याळ हात हलला की चालतं, काढून ठेवलं की दोन दिवसांत गप्प होतं. चालू आहे, म्हणजे कुणीतरी घालतंय.

माझा नवरा जिनिव्हाला नोकरीला. घरात आम्ही दोघी आणि धाकटा दीर आर्मां.

"बापाची माती सुकली नाही, आणि घड्याळावर डोळा?" सासूबाई आर्मांला म्हणाल्या.

"आई, मी हात लावला असेल तर हात झडो माझा."

"मग काय कपाटाला हात फुटले? खरं बोल, नाहीतर चालता हो."

खरं सांगते, मलाही आर्मांभाऊजींचाच संशय होता. म्हणून किल्ली मी स्वतःच्या गळ्यात घातली.

आठ दिवसांनी तिघांसमोर कपाट उघडलं.

टिक... टिक...

पट्टा घामानं ओलसर होता.

भाऊजींनी घड्याळ उचलून आपल्या मनगटाला लावलं. लाकूडतोड्याचं मनगट ते, बक्कल जवळही येईना.

"वहिनी, हे भोक बघा."

आजारपणात सासरे पार वाळले होते, तेव्हा शेवटच्या भोकात पट्टा बसायचा. त्याच्याही आत आता एक नवं भोक होतं...

आणि त्याच्या आत आणखी एक.

इतकं बारीक मनगट जिवंत माणसाचं नसतं.

सासूबाईंनी ती भोकं बोटानं चाचपली. बराच वेळ.

"आर्मांनंच घातलं होतं," त्या म्हणाल्या, आणि कपाट लावून घेतलं.

भाऊजी त्याच दुपारी घर सोडून गेले. परत आले नाहीत.

सासूबाई मरेपर्यंत तेच सांगत राहिल्या. त्यांना सगळं कळलं होतं, असं मला वाटतं.

आजही कुणी विचारलं, तर मी भाऊजींचंच नाव सांगते.

त्यांचं नाही घ्यायचं, तर मग कुणाचं घ्यायचं?