बटूच्या पोटातली हवा

पाणी दिलं की ते मातीत जिरतं, एवढं तर कुणालाही कळतं. मग शरयूच्या द्राक्षबागेत ते का तुंबलं होतं? आणि तेही सगळीकडे नाही. वेलींच्या दोन ओळींमधून ट्रॅक्टरची चाकं जायची, नेमक्या त्याच पट्ट्यांत पाणी उभं होतं. शेजारच्या वेलींची कोवळी पानं मात्र फिकी, मलूल. पाण्याच्या काठी बसून उपाशी राहिल्यासारखी.

"ट्रॅक्टरच नडतोय," पप्पा जेवताना म्हणाले. "उद्या सोसायटीची गाडी बोलावलीय. बटूला परत पाठवतो."

शरयूने हातातला घास ताटात ठेवला. बटू म्हणजे त्यांनी शेतकरी सोसायटीकडून घेतलेला, विजेवर चालणारा छोटा ट्रॅक्टर. द्राक्षांच्या मांडवाखालून डोकं न आपटता जाईल एवढाच उंच. चालकाशिवाय चालायचा आणि बोलायचासुद्धा, पण कामापुरतंच. तो फवारणी करू लागल्यापासून पप्पांना औषधाच्या धुक्यात शिरावं लागत नव्हतं आणि त्यांचा तो छाती खरवडणारा खोकला थांबला होता. बटू गेला, की पंप पुन्हा पप्पांच्या पाठीवर येणार होता.

"अहो विलासराव, आरोपीची चौकशी तरी करा," कुंदामावशी म्हणाली. मावशी चंद्रावर फिरणाऱ्या गाड्यांची चाकं तयार करायची आणि दिवाळीसाठी बहिणीकडे आली होती.

"करा ताई. पण चंद्रावर द्राक्षं पिकत नाहीत, एवढं ध्यानात ठेवा," पप्पा हसून म्हणाले.

जेवण होताच बागेत जाऊन मावशीने शरयूच्या हातात एक लोखंडी सळई दिली. वेलीच्या बुंध्यापाशी ती मऊ पिठात बोट जावं तशी आत गेली. चाकाच्या पट्ट्यात मात्र वीतभर जाऊन अडली. शरयूने अंगाचा सगळा भार टाकला तरी हलेना.

"मातीच्या कणांमध्ये बारीक पोकळ्या असतात," मावशी म्हणाली. "त्यांतून पाणी खाली उतरतं, मुळं श्वास घेतात. वरून दाब आला की त्या मिटतात. याला म्हणायचं संपीडन (दाबून पोकळ्या मिटवणं). आता हे दाबलं कुणी? बटू, मागच्या चाकांत हवा किती?"

"तीस पौंड. टायरला ठीक," बटू म्हणाला. (पौंड म्हणजे इथे प्रत्येक चौरस इंचावरचा हवेचा दाब.)

"तीस कुणी भरली?"

"मी," शरयू म्हणाली. खंडेनवमीला अवजारांची पूजा असते. बटूला अंघोळ झाली, झेंडूची माळ झाली. पण पुरणपोळी तो खाणार कसा? म्हणून त्यांच्या घरी त्याला हवेचं जेवण असायचं. टायरवर तीसचा आकडा कोरलेला होता, तेवढी तिने भरली. पप्पांनी चाकावर थाप मारली होती, टण्ण आवाज आला होता आणि ते म्हणाले होते, "हं, आता झाला सण!"

मावशी खुदकन हसली. "अगं, तो आकडा टायरची शेवटची मर्यादा आहे. पोट किती ताणेल त्याचा आकडा. भूक किती, त्याचा नाही."

मग तिने चाक जॅकवर उचललं, टायरला ओला गेरू फासला आणि खाली पुठ्ठा ठेवून ते टेकवलं. ठसा उमटला. शरयूने हवा निम्मी केली आणि दुसरा पुठ्ठा ठेवला. आता ठसा जवळजवळ दुप्पट!

"पण बटू तर तेवढाच जड आहे," शरयू म्हणाली.

"वजन तेवढंच, पण वाटून घेणारी जागा वाढली. दाब म्हणजे वजन भागिले जागा. तुझी आई भाकरी कशाने थापते?"

"तळव्याने."

"बोटाने थापली तर?"

"भोकं पडतील!"

"तसंच हे. टायरमध्ये हवेचा दाब जितका, साधारण तितकाच तो जमिनीला देतो. तीसचं चाक म्हणजे बोट, पंधराचं म्हणजे तळवा."

"मग सगळीच हवा काढू या की!"

"आणि टायरच्या कडा दुमडल्या, तो चाकाच्या रिमवरून घसरला, तर? रस्त्यावर तर तापून फाटेलही. चाकावर भार किती आणि वेग किती, ते पाहायचं. तो भार त्या वेगाने पेलणारी कमीत कमी हवा, ती योग्य हवा. प्रत्येक टायरचा त्यासाठी वेगळा तक्ता असतो. बटू, औषधाची टाकी भरलेली, बागेतली संथ चाल. तक्ता काय म्हणतो?"

"पंधरा. रस्त्यावर वेगाने जायचं तर वीस."

"मग इतके दिवस गप्प का होतास रे?" शरयू चिडली.

"टायर फुटेल का, एवढंच मला विचारलं होतं. मातीचं कुणी विचारलं नव्हतं."

सकाळी चाकं गार असताना शरयूने हवा मोजली, कारण तापलेली हवा आकडा फुगवून सांगते. बांधाशेजारच्या न दबलेल्या पट्टीवर बटू टाकी भरून एकदा तीसवर चालला, शेजारूनच एकदा पंधरावर. पप्पांनी स्वतः सळई रोवून पाहिली. पहिल्या वाटेत ती लवकर अडली, दुसरीत हातभर गेली. उकिडवे बसून सळईवरची माती पुसत त्यांनी विचारलं,

"म्हणजे उद्या पाणी जिरेल?"

"उद्या नाही," मावशी म्हणाली. "दबलेली माती लगेच फुगत नाही. ओळींमध्ये ताग पेरा, त्याची मुळं वाट फोडतील, गांडुळं मदतीला येतील. आणि चिखलात चाक घालू नका."

तेवढ्यात फाटकाशी सोसायटीच्या गाडीचा हॉर्न वाजला. शरयूने बटूच्या बॉनेटवर हात ठेवला. पप्पा उठले, फाटकापर्यंत गेले आणि ड्रायव्हरला म्हणाले, "बटू नाही येत. तागाचं बी आहे का गाडीत?"

पुढच्या खंडेनवमीला पट्ट्यांत पाणी थोडं रेंगाळलं, पण जिरलं. शरयूने बटूला आता रोज स्वतःलाच दोन प्रश्न विचारायला शिकवलं होतं: टायरला ठीक? मातीला ठीक? चालता चालता आपली हवा आपणच कमीजास्त करणारं चाक ती वहीत रेखाटत होती. मावशीने कळवलं होतं, चंद्रावरच्या भुसभुशीत धुळीलाही तळवाच लागतो.

झेंडूची माळ घालून झाली. पप्पांनी सवयीने चाकावर थाप मारली. थप्प, मऊ आवाज आला.

"यंदा बटूला उपवास," शरयू म्हणाली.

पप्पा हसले. बराच वेळ हसले, आणि एकदाही खोकले नाहीत.