चिमणीचं अक्षर

अक्षरकार दारातच मटकन बसला. "ताई, माझी चिमणी पुन्हा गेली हो!"

गुन्ह्यांचा छडा लावणाऱ्या ताईंनी त्याला पाणी दिलं. ताईंचा धाकटा भाऊ त्यांची गाडी चालवी आणि हटकून भलत्याच माणसावर संशय घेई. तोही कान देऊन बसला.

चिमणी ही अक्षरकाराची वारलेली मुलगी. तिच्या लफ्फेदार हस्ताक्षरावरून बापानं पाट्या-जाहिरातींसाठी फॉन्ट घडवला होता. आज तो एका कंपनीला द्यायचा होता. काल दुपारी कुणीतरी सगळी रेखाटनं जाळली आणि संगणकावर बादलीभर पाणी ओतलं.

अक्षरकाराच्या घरी जाताना वाटेत केकच्या दुकानावर पाटी दिसली, 'ये ना, वाट पाहतेय!' वेलांट्यांना कसा डौलदार झोका होता.

"चिमणीचंच अक्षर. नमुन्यादाखल दिलेली पाटी," अक्षरकार म्हणाला. "लोक थांबून बघतात. माझी बायकोच तेवढी हल्ली लांबच्या गल्लीनं बाजारात जाते."

कामाची खोली घरातच होती. कुलूप शाबूत होतं. किल्ल्या नवरा, बायको आणि भागीदार अशा तिघांकडेच.

"कंपनीला देऊ नकोस म्हणून हा भांडला होता," अक्षरकारानं तिथं आलेल्या भागीदाराकडे बोट दाखवलं.

"भांडलो! आपणच विकू म्हणत होतो. जाळीन कशाला?"

"संगणकाचा पासवर्ड कुणाला ठाऊक?" ताईंनी विचारलं.

"मला आणि भागीदाराला, दोघांनाच."

"हाच तो!" भाऊ कुजबुजला.

ताई राख चाळत होत्या. "उरलेल्या कडा सगळ्या जाड कागदाच्या. मुलीनं लिहिलेले कागद कसे होते?"

"पातळ, रेघांचे. या खणात, रेखाटनांच्या खालीच असायचे."

खण रिकामा होता.

बायको दारात उभी होती. "मी झोपले होते. काही ऐकलं नाही," एवढंच ती बोलली.

ताईंनी सगळ्यांना बसवलं. "या दोघांना चार बटणं दाबून काम उरकता आलं असतं. पाणी ओतावं लागलं ते पासवर्ड नसलेल्या माणसाला. त्यानं रेखाटनं जाळली, पण पोरीचे कागद वेगळे काढले. राग अक्षरांवर होता, पोरीवर नव्हता. वहिनी, त्या दुकानावरून जाणं का सोडलंत?"

ती खाली बघत म्हणाली, "पाटी लागली त्या दिवशी मी आत गेले होते, ताई. तिनं बोलावलं असं वाटलं. तिथल्या मुलीनं विचारलं, काय देऊ?"

भावाला कुठं बघावं कळेना.

"अगं, ती विसरली जाऊ नये म्हणून तर मी..." नवरा म्हणाला.

"माहीत आहे मला." तिनं आतून उशीच्या अभ्र्यात जपलेले कागद आणले. "जाळून टाकलं की हे पुन्हा तिचं वाटेल, असं वाटलं होतं. सकाळपासून बघतेय. यात पाटीवरचं तुमचं वळण कुठलं, तिचं कुठलं, मला कळेनासं झालंय. तुम्ही तरी सांगा."

त्यानं चष्मा पुसला. एक कागद खिडकीशी नेऊन एकेक अक्षर न्याहाळलं. शेवटी नकारार्थी मान हलवून त्यानं कागद पालथा ठेवला आणि तो तिच्याशेजारी जमिनीवर बसला.