चाचणीचा निरोप

तो पहिल्यांदा दुकानात आला, तेव्हा तिने त्याला गिऱ्हाईक समजून सरळ खुर्चीत बसवलं. चष्म्याची एक काडी वाकडी, त्यामुळे चष्मा नाकावर तिरका… दुसरं काय समजणार? मामांच्या चष्म्याच्या दुकानामागे एक चिंचोळी खोली होती. तिथे ती लोकांचे डोळे तपासायची.

"खालची ओळ वाचा."

त्याने वाचली. एक डोळा झाकून वाचली, मग दुसरा झाकून वाचली.

"नंबर तर तोच आहे हो तुमचा!"

"माहीत आहे. मी वर्कशॉपमधून आलोय. निरोप पोचत नाहीत म्हणून तुमचा फोन होता ना?"

"मग आधी नाही का सांगायचं?"

"तुम्ही 'बसा' म्हणालात…" तो ओशाळून म्हणाला, "बसलो."

आरशांनी भरलेल्या त्या दुकानात हसू लपवायला जागा नव्हती. तिने मान वळवली, तर समोरच्या आरशात तोच तिच्याकडे बघत होता.

भानगड साधी होती. चष्मा तयार झाला की वर्कशॉपचा कॉम्प्युटर दुकानाच्या कॉम्प्युटरला आपोआप निरोप धाडायचा. वेबहुक म्हणतात त्याला. निरोप आला की ती गिऱ्हाइकाला फोन करायची. पण काही निरोप वाटेतच गडप होऊ लागले. इकडे चष्मा तयार होऊन पडलेला, आणि तिकडे एक शिवणकाम करणाऱ्या आजी सुईत दोरा ओवायला शेजारणीला हाका मारताहेत!

त्याने बिघाड काढला. पुन्हा घोळ नको म्हणून ठरलं, की रोज दुपारी त्याने एक चाचणीचा निरोप पाठवायचा आणि फोनवर विचारायचं.

"मिळाला?"

"मिळाला."

"काय म्हणतो?"

"'चाचणी' म्हणतो. दुसरं काही बोलतच नाही बिचारा."

"त्याला बोलता येत नाही हो."

"आणि पाठवणाऱ्याला?"

पलीकडून घाईघाईने, "बरं, ठेवतो."

अधूनमधून मात्र निरोप यायचाच नाही. मग तो स्वतः यायचा. कॉम्प्युटरसमोर बसून उगाच कपाळाला आठ्या घालायचा. ती चहा ठेवायची, त्याचा चष्मा काढून घ्यायची आणि काडी हलकेच सरळ करून द्यायची. चष्मा नसला की तो भाबडा दिसायचा. ती मुद्दाम वेळ लावायची.

अशातच मामांनी एआय एजंट घेतला, म्हणजे सांगितलेली कामं आपणहून करणारा कॉम्प्युटरवरचा मदतनीस. वर्कशॉपने त्याला एक टूल जोडून द्यायचं कबूल केलं. त्यातून त्याला प्रत्येक निरोप कधी निघाला, कुठे गेला, पोचला की नाही, सगळं दिसणार होतं. अडलेला निरोप तो पुन्हा पाठवूही शकणार होता. टूल जोडायला वर्कशॉपमधून अर्थातच तोच, वाकड्या काडीवाला, आला.

"झालं," तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "आता तपासायचं काम हा करेल. मला सोमवारपासून दुसऱ्या गावच्या वर्कशॉपला जायचंय."

तिने पुसून ठेवलेलं भिंग पुन्हा पुसायला घेतलं. "बरं झालं," ती म्हणाली. "तुमचे हेलपाटे वाचले."

"हो… वाचले."

मामांना मात्र नव्या खेळण्याचा हुरूप. त्यांनी एजंटला विचारलं, आजवर कोणते निरोप पोचले नाहीत आणि का? उत्तर त्यांनी खणखणीत आवाजात वाचलं.

"दुरुस्तीनंतर चष्म्यांचे सर्व निरोप पोचले आहेत. फक्त काही चाचणीचे निरोप पोचले नाहीत. ते हाताने पाठवलेले असून, प्रत्येक वेळी दुकानाच्या कॉम्प्युटरच्या पत्त्यातलं शेवटचं अक्षर गाळलेलं आहे. पुन्हा पाठवू का?"

मामांनी चष्म्यावरून आधी त्याच्याकडे पाहिलं, मग भाचीकडे. "दारात कोणी आलंय वाटतं," म्हणत ते उठून गेले. दारात कोणीही नव्हतं.

त्याचे कान लालबुंद झाले होते. "हे मागचंही बघतं… लक्षातच आलं नाही माझ्या."

"अक्षर तुम्ही गाळलंत?"

"हो."

"मुद्दाम?"

"निरोप पोचला असता, तर मी कशाला आलो असतो?"

ट्रेमधल्या भिंगांवर ऊन पडलं होतं, त्याचे कवडसे त्याच्या शर्टावर थरथरत होते. तिला राग यायला हवा होता… पण डोळ्यांत पाणीच आलं.

"आणि सोमवारनंतर कोणतं अक्षर गाळणार होतात?"

या गोष्टीला आता खूप वर्षं झाली. मामा राहिले नाहीत. दुकानाच्या जागी कपड्यांचं दुकान आहे. त्या दुसऱ्या गावातल्या घरात, दुपारी चहा घेताना, दोघांचा अजून वाद होतो. तो म्हणतो, मी तुला रीतसर मागणी घातली होती. ती म्हणते, कसली मागणी! वाकड्या काडीशी चाळा करत तू नुसतं पुटपुटलास, "तुम्ही… तिकडे याल का?"

त्याचं वाक्य पुरतं संपायच्या आत ती "हो" म्हणाली होती, यावर मात्र दोघांचं एकमत आहे.