बारा दहाची फाईल

हे कुणाच्या बापाला पटणार नाही, लावा पैज. पण शब्द न् शब्द खरा आहे. गाव माकणी. गेल्या वैशाखातली अमावस्या. आणि रात्र नव्हे... भर दुपार.

माझी मावसबहीण महानंदा दोन्ही डोळ्यांनी आंधळी. तिचा लेक अमरनाथ अपघातात गेला. पण जाण्याआधी त्यानं आईसाठी एक प्रोग्राम लिहून ठेवला होता. त्याच्याच आवाजाचे तुकडे जोडून कॉम्प्युटर रोज विचारायचा, "आई, जेवलीस का?"

मगच महानंदा घास घ्यायची.

वळवात वीज पडली. कॉम्प्युटर जळाला, इन्व्हर्टरही गेला. उसन्या आणलेल्या नव्या कॉम्प्युटरवर जुना प्रोग्राम चालेना.

महानंदानं अन्न सोडलं.

चौथ्या दिवशी तिची लेक शिवलीला पेनड्राइव्हवरचा भावाचा कोड घेऊन बसली. त्यातूनच प्रोग्राम नव्यानं कंपाईल करायचा. कंपायलर एकेक चूक दाखवायचा, ही दुरुस्त करायची. शेवटी एकच अडलं. आवाजाच्या फाईलची वेळ म्हणे अजून यायचीय.

फाईल बदललेली... आजच दुपारी बारा दहाला.

घड्याळात साडेअकरा.

तिनं मोबाईल पाहिला. साडेअकराच. फाईलची वेळ हातानं बदलली. पुन्हा कंपाईल केलं.

बारा दहा.

फाईल पुसून पेनड्राइव्हवरून परत घेतली.

बारा दहा...

"शिवे, झालं का गं?" आतून महानंदा. आवाज पार खोल गेलेला.

"होतंय आई. थांब थोडं."

होत काहीच नव्हतं.

मग... पंखा थांबला.

शेजारच्या पिठाच्या गिरणीची घरघर थांबली.

पडद्यावर बारा दहा झाले आणि प्रोग्राम आपोआप तयार झाला. एकही चूक नाही.

स्पीकर खरखरला.

"आई..."

अमरनाथच! पुढं 'जेवलीस का' यायचं.

"...चल."

"आले रे," महानंदा म्हणाली. कितीतरी दिवसांनी हसून.

शिवलीला आत धावली. ताट झाकलेलं तसंच. आई गेली होती.

तिनं तो कोड नंतर पन्नासदा चाळला. 'चल' हा शब्द त्यात कुठंच नाही. आता त्या फाईलवर दुसरीच वेळ दिसते म्हणे...

कुठली, ते ती कुणालाच सांगत नाही.

एवढं लिहून आमच्याकडं कामाला येणाऱ्या कमलबाईंना वाचून दाखवलं. त्यांनी निवडायचं सूप बाजूला ठेवलं.

"अवो, पंखा थांबला, गिरणी थांबली, म्हंजे लाईट गेली. इन्व्हर्टर आधीच जळालेला. मग कॉम्प्युटर काय तुमी फुंकर घालून चालवला व्हय?"