जावाचा क्लास शेजारी आहे

"जावा इथेच ना?"

दारात एक उंच, घामाघूम मुलगा. खांद्याला कोरी बॅग आणि चपलेचा अंगठा सुतळीने बांधलेला. कोथरूडच्या त्या शाळेत दर रविवारी संध्याकाळी दोन वर्ग भाड्याने जायचे. एकात संगणकाचा क्लास, दुसऱ्यात आम्ही – व्यसनातून बाहेर पडलेली, नाहीतर पडू पाहणारी माणसं.

"जावा?" कात्रजच्या तुळजाबाई म्हणाल्या, "माज्या दोन हायेत की. पन त्या गावाकडं."

वर्ग हसला. तो गोंधळून चौथीच्या बाकावर बसला, गुडघे हनुवटीला लावून. तेवढ्यात हातात चहा आला, मग उठणं राहूनच गेलं. नाव महिपती, गाव अमरावती. नाव राजाचं, आणि चप्पल ही अशी!

बोलायची पाळी माझी होती. "मी राजनंदिनी. कॉल सेंटरच्या रात्रपाळीत झोपेच्या गोळ्या लागल्या. आज घेतलेली नाही."

"काहून लागल्या?" महिपतीने विचारलं.

सगळे चपापले. दारू, गोळ्या, मशेरी, लॉटरी... आमच्याकडे व्यसनाची जात बघत नाहीत. ज्यानं भोगलंय त्यानंच पुढच्याचा हात धरायचा, एवढंच. आणि 'का' हा प्रश्न चपलांबरोबर बाहेर काढून ठेवायचा.

"इथे 'का' विचारत नाहीत," मी म्हणाले.

"मी 'का' कुठं म्हटलं जी? 'काहून' म्हटलं."

मला हसू दाबता आलं नाही. "जावाचा क्लास शेजारी आहे. उठा!"

पुढच्या रविवारपासून त्याचा क्लास सुटायची आणि आमचा गट उठायची वेळ इतकी चोख जुळू लागली, की कुणालाही शंका यावी. शाळेच्या पायरीवर चहा घेताना त्याचे प्रश्न संपत नसत. शेवटी मी नियमच केला – रविवारी एकच प्रश्न.

आणि हा शहाणा तो उधळायचा कशावर?

"तुम्हाला गवार आवडते?"

"नाही. संपला तुमचा प्रश्न."

"बाप्पा! पुण्यात उत्तरंही मोजून देता काय?"

मी रागावल्यासारखं करायचे. घरी जाताना मात्र गवारीचा ढीग दिसला तरी गालात हसायचे.

एका प्रश्नाची मला धास्ती होती. आधीचं जमत आलेलं एक स्थळ त्याच प्रश्नावर परत गेलं होतं – 'कायमचं सुटलं ना?' खोटं 'हो' म्हटलं असतं तर आज मी कुणाच्या तरी घरी पोळ्या लाटत असते. म्हटलं नाही.

त्या रविवारी महिपतीने चहा हातात धरून थंड केला.

"पुढच्या आठवड्यात आई येते," तो म्हणाला. "तुम्हाला भेटवीन म्हणतो... पण त्याआधी आजचा प्रश्न. थोडा मोठा आहे."

आला! म्हटलं, आपणच बोलून टाकावं.

"हे बघा, कायमचं सुटलं असं मी कुणालाच सांगणार नाही. तुमच्या आईंनाही नाही. आज घेतली नाही... एवढंच माझ्या हातात आहे."

"ते मी कुठं विचारलं?"

"मग?"

त्याने कप पायरीवर ठेवला. "तुमचा एखादा दिवस वाईट गेला... तर त्या दिवशी मी काय करायचं? गप्प बसू, चहा करू, की तुळजाबाईंना बोलावून आणू? मला यातलं काहीच कळत नाही. तुम्हाला कळते. म्हणून विचारलं."

आतापर्यंत सगळ्यांनी मला तपासलं होतं. हा शिकायला आला होता. डोळे भरून आले, तशी मी पटकन पदराशी चाळा केला.

"चहा करा," मी म्हणाले, "साखर कमी. शेजारी बसा. आणि 'काहून' विचारू नका."

"बस?"

"बस. आता माझा एक प्रश्न. तुम्हाला भाऊ किती?"

"दोन. मोठे. दोघांचीही लग्नं झाली." तो बावचळला. "काहून?"

मी उत्तराऐवजी बोटांवर मोजलं – एक, दोन. नळावर कप विसळणाऱ्या तुळजाबाईंना मात्र राहवलं नाही.

"आरं लेकरा," त्या ओरडल्या, "जावा मोजतीया ती!"